पंधरा म्हणजे काय पंधरा?

हर्सूलला ताईकडे गेलं की दाजी आधी तलावाची पातळी सांगतात, मग पाणी विचारतात. या खेपेला तलावाचं नावही निघालं नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते टीपॉयवरच्या बाटलीकडे बघत बसले होते. भाच्याने परदेशातून येताना विमानतळावर घेतलेली, जाड बुडाची, लाकडी बुचाची, लिटरची बाटली. पोटावर सोनेरी ‘15’, त्याखाली बारीक अक्षरांत ‘डेमेरारा स्टाईल’.

“पंधरा म्हणजे काय पंधरा?” दाजी म्हणाले. “वर्षं, का पिंपं?”

लेबल दोघांनी मिळून पुढून-मागून वाचलं. ‘वर्षे’ हा शब्द कुठेही नव्हता.

दाजींची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. मळी हा त्यांचा विषय, दारू नव्हे. पण रम म्हणजे बहुतेक वेळा आंबवून गाळलेली मळीच, त्यामुळे रम चाखायला मला त्यांच्याइतका चांगला जोडीदार दुसरा मिळालेला नाही. माझ्या पिशवीत तुलनेसाठी एक जुनी बाटली होती. खरोखरच गयानात गाळलेली, वरून काही न घालता भरलेली, तळाशी चार घोट उरलेली. तीस-तीस मिलीचे दोन ग्लास भरले. ताईने “जेवायच्या आधी?” एवढंच विचारलं.

आधी त्या ‘स्टाईल’चं बघू. पैठण इथून तासा-दीड तासावर आहे, त्यामुळे या भागातल्या बायकांना ‘स्टाईल’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुकानदार ‘पैठणी पॅटर्न’ म्हणाला की पदर उलटून मागचे धागे बघायचे. डेमेरारा ही गयानातली नदी. त्या देशातल्या उसाच्या मळ्यांवर 5 मे 1838 रोजी ‘व्हिटबी’ जहाजातून पहिले हिंदुस्थानी करारबद्ध मजूर उतरले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या आपले लोक त्या मुलखाला ‘डमरा’च म्हणत राहिले. म्हणजे त्या रमच्या मळीत आपल्याकडच्या माणसांचा घाम आहे, हे चाखताना विसरता येत नाही.

त्याच देशात पोर्ट मोरांट नावाचं मळ्याचं गाव आहे. क्रिकेटपटू रोहन कन्हाय तिथला. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते त्याच्यावरून, हे आपल्याकडे क्रिकेटवेड्या घरांत पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याच मळ्यावरचं जोडभांड्यांचं लाकडी स्टिल, म्हणजे दारू गाळायचं यंत्र, आज डेमेरारा नदीच्या पूर्वकाठी डायमंड इथल्या कारखान्यात चालू आहे. लाकडी, हे परत वाचा. ग्रीनहार्ट नावाच्या कठीण लाकडाच्या फळ्यांचं पिंप, त्यात आंबलेली मळी, खालून वाफ. तांब्याची मान तेवढी वर. लाकूड वर्षानुवर्षांचा वास धरून ठेवतं आणि नव्या मालाला देतं, लोणच्याच्या जुन्या बरणीसारखं. एन्मोर मळ्याचं ‘कॉफी’ पद्धतीचं लाकडी स्टिल आणि व्हर्साय मळ्याचं एकभांडी लाकडी स्टिलही आता तिथेच आहेत. हा वास हीच ‘स्टाईल’. बाकी रंग काय, कॅरॅमल घातलं की कशालाही येतो. म्हणून ग्लास उजेडात धरून रंगाचं कौतुक करणाऱ्या माणसाचं मत मी विचारत नाही.

वास घेताना नाक ग्लासात खुपसायचं नाही. ग्लास हनुवटीपाशी धरायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे मद्यार्काचा झटका बसत नाही. विलायती चाखणारे इथे टॉफी, मार्झिपान, ख्रिसमस केक असं काहीबाही लिहितात. मार्झिपान मी आयुष्यात दोनदा खाल्लंय. दाजींनी जुन्या बाटलीचा ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ गप्प राहिले.

“गुऱ्हाळ,” ते म्हणाले. “पण गूळ नाही. कढई उतरवल्यावर कडेला जी जळकी काकवी चिकटते ना, ती. आणि...” परत वास घेतला. “ज्येष्ठमध. जुन्या पेटीत ठेवलेलं.”

मला त्यात जास्त पिकलेलं केळं आणि खारीकही सापडली. दुसऱ्या ग्लासातून व्हॅनिला आला, भरपूर आला, आणि त्याच्यामागे काहीच आलं नाही. दाजी म्हणाले, “हे तर आईस्क्रीम.”

आता घोट. इथे बहुतेक जण फसतात, मीही बरीच वर्षं फसलो. गोड, गुळगुळीत, घशाला न लागणारी रम म्हणजे मुरलेली रम, असा समज पक्का असतो. पिंपातलं लाकूड धार मोडतं खरं, पण त्याबरोबर थोडा तुरटपणा, थोडी कडसर लवंग आणि जिभेवर कोरडेपणाही सोडतं. साखर धार झाकते आणि मागे काही ठेवत नाही. म्हणून निकाल पहिल्या घोटावर लावायचा नाही. गिळल्यावर तोंड मिटून शंभर आकडे मोजायचे. मग ग्लासात दोन-तीन थेंब पाणी घालून पुन्हा तेच. जुन्या बाटलीची काकवी पाण्यानंतर जास्तच मोकळी झाली, शंभराच्या पुढेही रेंगाळली. ‘पंधरा’ तिसापाशी संपली. पाणी घातल्यावर तर सरबतच.

दाजींना एवढ्यावर चैन पडेना. कपाटातून काचेचा मद्यार्कमापक आणि मोजपात्र आलं. नमुना आधी फ्रीजमध्ये, कारण बाहेर उन्हाळा आणि मापक वीस अंशाला बेतलेला. गरम द्रव हलका होतो आणि मद्यार्क आहे त्याहून जास्त दिसतो. वीस अंश झाल्यावर मापक सोडला. लेबलवर 40 टक्के, मापक थांबला 35 च्या आसपास.

“मद्यार्क कमी नाही,” दाजी बोटाने काच पुसत म्हणाले. “द्रव जड आहे. साखर, नाहीतर तसलंच काही.” पाठकोऱ्या कागदावर हिशेब झाला. लिटरमागे वीसेक ग्रॅम, म्हणजे बाटलीत चहाचे चार चमचे. फिनलंड-स्वीडनच्या सरकारी दारू-मंडळांनीही बऱ्याच नावाजलेल्या रमची साखर उघडी पाडली आहे, आणि त्यांत खुद्द गयानाच्याही बाटल्या होत्या. साखर घालायला माझी ना नाही. पेढ्यात घालतातच. ‘15’ लिहिण्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत तीही लिहा.

आणि त्या ‘15’ ची खरी किंमत काय असते तेही ऐका. उष्ण मुलखात पिंपातून वर्षाला सहा टक्के उडतात असं धरलं, तर पंधरा वर्षांनी शंभर लिटरचे चाळीसेक उरतात. स्कॉटलंडच्या दोन टक्क्यांनी त्याच काळात चौऱ्याहत्तर उरतात. “आपल्याकडे आणखी गंमत,” दाजी म्हणाले. “मे महिन्यातली इथली कोरडी हवा. मद्यार्काच्या आधी पाणी उडणार, माल वर्षागणिक कडक होणार. गयानात दमट, तिथे उलटं.” उडालेल्या साठ लिटरची किंमतही कुणीतरी भरतं. म्हणून विमानतळावरच्या स्वस्त ‘पंधरा’कडे बघून हसायचं.

या शहरात दारू म्हटलं की वाळूज-चिकलठाण्याची बिअर. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त तोडलं, तेवढीच ती राज्यभर चर्चेत आली. पण मळीचं राज्य म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात नाव घ्यावं अशी मुरलेली रम मला तरी भेटलेली नाही. उसाच्या रसाची बारा वर्षांची ‘कामिकारा’ 2022 मध्ये आली ती हरियाणातल्या इंद्रीहून. ‘ओल्ड मंक’ 1954 पासूनची, गाझियाबादवाल्यांची. शेजारच्या गोव्यातही आता धडपड चालू आहे. आमच्या आसवन्या मात्र इथेनॉलच्या मागे. दाजी त्यांची बाजू घेतात: तेल कंपनी पैसे लगेच देते, पिंप पंधरा वर्षं देत नाही, शेतकऱ्याचं बिल चौदा दिवसांत द्यायचं असतं. पटतं. तरी एखाद्या कारखान्याने, हौस म्हणून, दहा पिंपं कोपऱ्यात ठेवायला काय हरकत होती? दाजी म्हणाले, “संचालक मंडळ बदलतं पाच वर्षांनी. पुढचं मंडळ आधी पिंपंच उघडेल.”

ग्लास रात्री धुवायचे नाहीत, असं मी ताईला सांगून ठेवलं होतं. चांगल्या रमचा रिकामा ग्लास सकाळी जास्त बोलतो. मद्यार्क उडून गेलेला असतो, नुसतं लाकूड उरतं. सकाळी ओट्यावर गेलो तर जुन्या बाटलीच्या ग्लासाला सागवानी कपाटाचा आणि किंचित तंबाखूचा वास होता. ‘पंधरा’च्या ग्लासाशी नाक न्यायची सोय नव्हती. खिडकीपासून ओट्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, आणि काचेच्या तळाशी त्यांचं काळं कडं झालं होतं.

“तुझा तो पंधराचा ग्लास तूच घास,” ताई म्हणाली, आणि हळदीची डबी शोधायला लागली.