बाक रिकामे झाले म्हणून

दर काही महिन्यांनी एक फोटो आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरून जातो. उंच गॉथिक कमानी, खाली पुस्तकांची कपाटं, आणि जिथे वेदी असायची तिथे क्रुसाच्या आकाराच्या टेबलाभोवती कॉफी पिणारी माणसं. सोबतचा मजकूर ठरलेला: युरोपने देव सोडला, चर्चेस विकायला काढली, आणि हेच आपल्याला धर्म शिकवायला आले होते! फोटो अस्सल आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरातलं हे तेराव्या शतकातलं डॉमिनिकन चर्च. 2006 पासून तिथे पुस्तकांचं दुकान आहे. दुकान येण्याआधी तिथे काय होतं, हे विचारायची तसदी मात्र कोणी घेत नाही. 1794 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी ते शहर घेतलं आणि थोड्याच काळात डॉमिनिकन साधूंची हकालपट्टी झाली. पुढची दोनशे वर्षं त्या वास्तूत उपासना सोडून नाना उद्योग झाले. शेवटी शेवटी तर तिथे सायकली ठेवत. आजच्या युरोपच्या नास्तिकपणाचा पुरावा म्हणून आपण जो मिटक्या मारत पुढे ढकलतो, तो सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या जप्तीचा आहे.

एक पुरावा फसवा निघाला म्हणून दावाच खोटा ठरत नाही, हेही मान्य. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011च्या जनगणनेत 59.3 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं, 2021 मध्ये 46.2 टक्क्यांनी. ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणारे 37.2 टक्के झाले. चर्च ऑफ इंग्लंडच्या उपासनेला आठवड्याला येणारे 2019 मध्ये साडेआठ लाख होते, आता सातएक लाख आहेत. घसरण खरी आहे. भांडण आहे ते तिच्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांशी.

आपल्याकडच्या विवेकवादी मित्रांचा निष्कर्ष असा, की शिक्षण वाढलं, विज्ञान आलं की धर्म आपोआप गळून पडतो. हे ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, पण तारखा जुळत नाहीत. डार्विनचा ग्रंथ 1859चा. त्यानंतरच्या चार-पाच दशकांत इंग्लंडमध्ये चर्चेस बांधण्याचा सपाटाच लागला होता. इतका, की रॉबिन गिल या अभ्यासकाच्या मते बाक रिकामे राहण्याचं एक मोठं कारण तिथेच आहे: वेगवेगळ्या पंथांनी चढाओढीने, लोकसंख्येला लागतील त्याहून जास्त आसनं बांधून ठेवली, आणि खेड्यांतली माणसं शहराकडे निघून जात असतानाही बांधकाम थांबवलं नाही. बरं, ज्या भाविक सुवर्णयुगातून ही घसरण झाली म्हणतात ते तरी किती सोन्याचं? 30 मार्च 1851 या रविवारी सरकारने उपासनेला येणाऱ्यांची शिरगणती केली, तेव्हा येऊ शकत असूनही न आलेल्यांचा अंदाज पन्नास लाखांच्या वर गेला. व्हिक्टोरिया राणीच्या भर राज्यात! कॅलम ब्राउनसारखे इतिहासकार खरी पडझड 1960च्या दशकात झाली असं मानतात. त्या दशकात बदललं ते घर, बदलल्या त्या स्त्रिया. प्रयोगशाळेत काही नवीन घडलं म्हणून कोणी प्रार्थना सोडली नाही.

आणि काहींना तर चर्चनेच घालवलं. आयर्लंडमध्ये 1970च्या दशकाच्या सुरुवातीला दर दहा कॅथलिकांतले नऊजण दर रविवारी मिस्साला जात. तो देश डार्विन वाचून बदलला नाही. चर्चच्या संस्थांत मुलांवर काय गुदरलं ते सांगणारा 2009चा रायन आयोगाचा अहवाल वाचून तो संतापला. जर्मनीत 2022 या एका वर्षात 5,22,821 कॅथलिकांनी सभासदत्व सोडलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत म्युनिक धर्मप्रांताचा लैंगिक अत्याचारांवरचा अहवाल बाहेर आला होता. तिथे सभासदत्व ही करखात्याची नोंद असते: प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के इतका चर्च-कर पगारातूनच कापला जातो, आणि सुटायचं तर सरकारी कचेरीत जाऊन तसं नोंदवावं लागतं. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर 2024 मध्ये, मुलांवर अत्याचार करणाऱ्या जॉन स्माइथच्या प्रकरणावरचा मेकिन अहवाल आला आणि थोड्याच दिवसांत कँटरबरीच्या आर्चबिशपांना राजीनामा जाहीर करावा लागला. वर्षानुवर्षं पांघरूण घातलं की असंच व्हायचं. ज्यांना या घसरणीचा दोष सेक्युलर संस्कृतीच्या माथी मारायचा आहे, त्यांनी आधी हे अहवाल वाचावेत.

कारण असा दोष देणारेही कमी नाहीत. ‘पश्चिमेत ख्रिस्ती माणसाचा छळ होतो’ हा सूर अलीकडे मोठ्याने लागतो. छळ? हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये 26 बिशप हक्काने बसतात. 6 मे 2023 रोजी राजाला वेस्टमिन्स्टर ॲबीत ख्रिस्ती विधीनेच तेल लावलं गेलं, आणि त्या विधीत पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातला उतारा कोणी वाचला, तर ऋषी सुनक या हिंदू पंतप्रधानाने. हजारो सरकारी अनुदानित शाळा चर्चच्या नावाने चालतात, आणि त्यांतल्या काहींत प्रवेशासाठी उपासनेची हजेरी मोजतात. मग मुलाच्या प्रवेशापुरते आईबाप रविवारी नेमाने बाकांवर दिसतात. ॲडमिशनसाठी माणूस काय काय करतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ज्यांचा खरोखर छळ होतो अशा ख्रिस्ती लोकांचे देश वेगळे आहेत. त्यांचं दुःख लंडनच्या पाहुणचारात बसून उसनं घेऊ नये.

उलट बाजूचा उत्साहही तपासूनच घ्यावा. 2025 मध्ये बायबल सोसायटीने तरुण पुन्हा चर्चकडे वळत असल्याचं सांगणारी पाहणी छापली. ती ऑनलाइन, स्वतः नोंदणी केलेल्या लोकांमधली होती आणि लोकसंख्येच्या अभ्यासकांनी तिच्यावर रास्त शंका घेतल्या. फ्रान्सचा आकडा मात्र नोंदवहीतला आहे: 2024च्या ईस्टरला 7,135 प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला, 2025 मध्ये 10,384 जणांनी. पावणेसात कोटींच्या देशात ही लाट नव्हे. पण पाळण्यातले बाप्तिस्मे कमी होत असताना, कळत्या वयात येऊन मागणारे वाढावेत, याकडे मला काणाडोळा करता येत नाही.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. इंग्लंडमध्ये जे बुडतंय ते गावच्या हद्दीत जन्मला म्हणून ख्रिस्ती, राजाचा धर्म म्हणून ख्रिस्ती असण्याचं वळण आहे. ते आणि श्रद्धा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या देशाला एका मराठी बाईने 1883 मध्येच दाखवून दिलं होतं. पंडिता रमाबाईंनी वाँटेज इथे 29 सप्टेंबरला बाप्तिस्मा घेतला, तो त्याच राजमान्य चर्चमध्ये. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आज वाचतानाही घाम फुटतो. ख्रिस्त स्वीकारला म्हणून चर्चचा प्रत्येक सिद्धान्त आणि प्रत्येक बिशप स्वीकारला असं त्या मानायला तयार नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा सल्ला बिशपांकडून आला, तेव्हा त्यांनी मान तुकवली नाही. एक पुरोहितशाही मागे टाकून दुसरी डोक्यावर घेण्यासाठी त्या सातासमुद्रापार गेल्या नव्हत्या. विवेकबुद्धीला पटला म्हणून धरलेला ख्रिस्त आणि सत्तेच्या आधाराने उभं राहिलेलं चर्च यांची त्यांनी तेव्हा केलेली फोड इंग्लंडला आता, नाइलाजाने, करावी लागते आहे.

मग कोणी म्हणेल, श्रद्धा ठेवा घरात, चर्च कशाला? आणि दुसरा म्हणेल, माणसं जमवायला चर्च असू द्या, त्यात देव कशाला? दुसऱ्या प्रश्नाचा प्रयोग होऊन गेलाय. जानेवारी 2013 मध्ये लंडनच्या इझलिंग्टनमध्ये दोन विनोदी कलाकारांनी ‘संडे असेंब्ली’ सुरू केली: गाणी, भाषण, चहा, फक्त देव वजा. पहिली सभा एका जुन्या चर्चच्या इमारतीतच भरली. खूप गाजावाजा झाला, जगभर शाखा निघाल्या, आणि काही वर्षांतच ओहोटी लागली. कल्पना चांगली होती, माणसं मनापासून राबत होती. पण कंटाळा आलेल्या, पावसाच्या रविवारीही उठून जावं असं बंधन तिथे कशाचंच नव्हतं. पहिल्या प्रश्नाला उत्तर अमेरिकेतून येतं. रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी 2010च्या पुस्तकात दाखवलं, की शेजाऱ्याच्या मदतीला धावणं हे श्रद्धा किती कडवी यावर तितकंसं ठरत नाही. मंडळीत माणसाची मैत्री किती, यावर ठरतं. घरच्या घरी भक्ती करणाऱ्याला ही मैत्री मिळत नाही, आणि नुसत्या मैत्रीसाठी मंडळी फार काळ जमत नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? 1997 मध्ये सॉल्झबरीत एका ख्रिस्ती दांपत्याने सुरू केलेल्या ट्रसेल संस्थेच्या अन्नकेंद्रांपैकी कितीतरी चर्चच्या हॉलमध्ये भरतात. डॉक्टर, शाळा किंवा सल्लाकेंद्र चिठ्ठी देतं. ती घेऊन आलेल्याला तीनएक दिवसांचा शिधा मिळतो: बीन्सचे डबे, पास्ता, टिकाऊ दूध, चहा. घरच्या मीटरमध्ये टाकायलाही पैसे नसतील तर फक्त उकळतं पाणी ओतून खाता येईल असं वेगळं पुडकं बांधून देतात. आधी खुर्चीवर बसवून चहा पाजतात, काय झालं ते ऐकून घेतात, पिशवी नंतर. 2024-25 मध्ये या संस्थेने सुमारे 29 लाख पुडकी वाटली. श्रीमंत देशाला ही लाज आहेच, आणि चर्चने त्यावर मिरवू नये. राबणारे सगळे ख्रिस्ती असतात असंही नाही. पण किल्ली, हॉल, किटली आणि कामाच्या दिवशी सकाळी मोकळी असलेली चार म्हातारी माणसं, हे सगळं वर्षानुवर्षं एका जागी कोणाकडे सापडतं, ते बघा.

बाकांवरही नवी माणसं आली आहेत. लंडनमधल्या नायजेरियन मंडळ्या भरभरून चालतात. स्विंडनमध्ये गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले कॅथलिक इतके आहेत, की तिथे कोकणीतून मिस्सा होतो. एकेकाळी जिथून मिशनरी निघाले त्या देशात आता त्यांच्या शिष्यांची नातवंडं गाणी धरतात. याला ‘धर्म मेला’ म्हणणाऱ्याने मेलेला कोण ते नीट सांगावं.

मंडळी लहान झाली की पवित्र होते, असा भाबडेपणा माझा नाही. लहान मंडळीचा क्लब व्हायला वेळ लागत नाही. आणि सहा-सात खेड्यांना मिळून एकच पाळक, प्रत्येक ठिकाणी डझनभर वृद्ध, हे चित्र खरं आहे. त्यातली काही चर्चेस बंद होतील, व्हावीत. चर्च ऑफ इंग्लंडने लॉर्ड्समधल्या 26 जागा आणि प्रवेशासाठीचं हजेरीपत्रक आपण होऊन सोडावं. त्याने गर्दी वाढणार नाही. वेल्समधलं चर्च 1920 मध्येच राज्यसत्तेपासून वेगळं झालं, तरी तिथली घसरण थांबली नाही. सोडायचं ते गर्दीसाठी नाही. हजेरी मोजून मिळवलेल्या माणसाशी धड बोलता येत नाही म्हणून.

छपराचा प्रश्न मात्र वेगळा. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे 16,000 वास्तू आहेत, बहुतेक पुरातन, आणि त्यांची डागडुजी गावातली मूठभर माणसं वर्गणी काढून करतात. सरकार दुरुस्तीवरचा व्हॅट परत देत असे, त्यावर 2025 मध्ये एका वास्तूला वर्षाला 25,000 पौंडांची मर्यादा घातली. मोठ्या छपराच्या कामात ती केव्हाच संपत असे. 1905 मध्ये धर्म आणि राज्य यांची कडेकोट फारकत करणाऱ्या फ्रान्समध्ये त्याआधीची बहुतेक पॅरिश चर्चेस नगरपालिकांच्या मालकीची आहेत, आणि छपराची काळजीही त्यांचीच. इंग्लंडने तसं केलं तर हिंदू, मुसलमान आणि नास्तिक करदात्याचा पैसा त्यात जाईल, पण शिध्याची चिठ्ठी घेऊन त्या छपराखाली तेही येतात.