पडक्या भिंतीपुढचा फोटो

मैत्रिणींनो, परवा लासुर्ण्यात एका घरी युरोपच्या सहलीचे फोटो पाहिले. जर्मनीतला हायडेलबर्गचा किल्ला. १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच फौजांनी तो उद्ध्वस्त केला. पण तिथल्या लोकांनी ते पडके अवशेष निगुतीनं जपलेत. फोटोत मुलं, सासूबाई, मालक, सगळे हसताहेत. घरची बाई मात्र एकाही फोटोत नाही! ‘‘कॅमेरा माझ्याच हातात होता ना,’’ ती सहज म्हणाली.

आपल्या गढ्यांचंही असंच. इंदापूरला बाजारासाठी, दवाखान्यासाठी आपण नेहमी जातो. तिथली मालोजीराजांची, म्हणजे शिवरायांच्या आजोबांची गढी किती जणींनी मुलांना दाखवली? उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. त्याचा फोटो आहे घरात? २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आनंदच आहे. पण यादीबाहेरचं कोण जपणार? आपणच!

तेव्हा या सुट्टीत डबा बांधा, मुलांना घेऊन जा. भिंती, बुरूज टिपा. आणि एकदा तरी कॅमेरा लेकीच्या हाती देऊन त्या भिंतीपुढे स्वतः उभ्या राहा. उद्या नातवंडं विचारतील, ‘‘यात आजी कुठंय?’’ तोवर भिंत कदाचित पडलेली असेल. फोटोत मात्र दोघी असाल.