डीएसएनसाठी ऍडमिनच्या दारात कशाला?

एवढंसं टूल. एक्सेलमधलं बटण दाबायचं, एसक्यूएल सर्व्हरमधून कालच्या ऑर्डरी आणायच्या, संपलं. आणि ते चालावं म्हणून पंधरा मशिनींवर सिस्टिम डीएसएन करून द्या, असं तिकीट टाकून वाट बघत बसायचं! मंडळी, मला ही पद्धतच मान्य नाही.

डीएसएन म्हणजे असतं तरी काय? ड्रायव्हर कोणता, सर्व्हर कोणता, डेटाबेस कोणता, एवढी माहिती एका नावाखाली रजिस्ट्रीत ठेवलेली. सिस्टिम डीएसएन मशिनीवरच्या सगळ्यांसाठी असतो, म्हणून तो करायला ऍडमिनचे हक्क लागतात. पण हीच माहिती प्रोग्रॅमने कनेक्शन स्ट्रिंगमध्ये दिली तरी ओडीबीसीला चालते. एका ओळीचं काम.

६४ बिट विंडोजवर तर आणखी गंमत. ओडीबीसीची सेटिंग करायचे प्रोग्रॅम दोन. ६४ बिटवाला सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये आणि ३२ बिटवाला सिस-वाव-६४ मध्ये! (शप्पथ, मी रचलेलं नाही.) ऍडमिन इमानदारीत डीएसएन करतो, पण ६४ बिटमध्ये. तुमचं ऑफिस ३२ बिट. प्रोग्रॅम म्हणतो डेटा सोर्स नाही, ऍडमिन म्हणतो मला तर दिसतोय. दोघंही खरं बोलत असतात.

"पण सिक्युरिटी?" अहो, एसक्यूएल सर्व्हरच्या डीएसएनमध्ये पासवर्ड साठवलाच जात नाही. विंडोज लॉगिन वापरा, म्हणजे स्ट्रिंगमध्येही नको. कोणाला कुठलं टेबल दिसावं हे सर्व्हरवर ठरतं; तिथे डीबीएने हवं तेवढं कडक व्हावं, मी टाळ्या वाजवीन. आणि तिकीट लटकलेलं असताना लोक काय करतात? ज्याच्याकडे चालतं तो सगळा डेटा एक्सेलमध्ये काढतो आणि मेलने वाटतो. घ्या सिक्युरिटी!

सर्व्हर बदलला तर, हा प्रश्न मात्र रास्त आहे. स्ट्रिंग कोडमध्ये ठोकून ठेवणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. ती शेअर्ड फोल्डरमधल्या एका फाइलीत ठेवा, बाकीच्यांना नुसती वाचायची परवानगी द्या. एक ओळ बदलली की पंधराही मशिनी नव्या सर्व्हरवर. ग्रुप पॉलिसीने डीएसएनही सगळीकडे पाठवता येतो, कबूल. पण ती तरी कोणाच्या हातात? परत तेच दार.

ड्रायव्हर तेवढा मशिनीवर हवाच. 'एसक्यूएल सर्व्हर' नावाचा जुना ड्रायव्हर विंडोजबरोबरच येतो. नवा घ्यायचा तर २०२२ मध्ये आलेला १८ नंबरचा आपणहून एन्क्रिप्शन धरून चालतो आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट भरवशाचं नसेल तर कनेक्शन नाकारतो. तो टाकायला ऍडमिन लागतो. एवढ्यासाठी खुशाल तिकीट टाका.