लोकप्रतिनिधीचे पत्र आणि त्याची मतनोंद

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याचे सिनेटर रॉजर विकर यांनी १० मार्च २०२१ रोजी आपल्या मतदारांस एक आनंदाची वार्ता कळविली. महासाथीने उद्ध्वस्त झालेल्या लहान उपाहारगृहांच्या मालकांसाठी २,८६० कोटी डॉलरांचे साहाय्य मंजूर झाले आहे, अशी ती वार्ता होती. ती खरीच होती. परंतु ज्या विधेयकातून हे साहाय्य मिळाले, त्याच विधेयकाविरुद्ध चार दिवसांपूर्वी सिनेटमध्ये आपण मत दिले होते, एवढे सांगावयास मात्र ते विसरले!

विकर यांना आम्ही खोटारडे म्हणणार नाही. ॲरिझोनाच्या सिनेटर कर्स्टन सिनेमा यांच्यासमवेत त्यांनी उपाहारगृहांसाठी दुरुस्ती मांडली होती आणि ती त्या विधेयकात समाविष्टही झाली. १.९ लाख कोटी डॉलरांच्या विधेयकात एखादे कलम चांगले आहे म्हणून सबंध विधेयकाला मान डोलवावी असे कोठे आहे, हा त्यांचा युक्तिवादही अगदीच टाकाऊ नाही. तथापि ते विधेयक सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४९ अशा मतांनी निभावले होते. विकर यांचे मत सर्वांनी शिरोधार्य मानले असते, तर ज्या साहाय्याचे श्रेय ते घेत होते त्यातला एक डॉलरही मिसिसिपीच्या कोणा खानावळवाल्याच्या हाती पडला नसता. जे लिहिले ते खरे, आणि जे वगळले तेही तितकेच खरे.

महासाथीच्या काळात सिनेटरांनी काम केले नाही, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. ६ मार्च २०२० रोजी ८३० कोटी डॉलरांचा पहिला कायदा झाला. १८ मार्चला दुसरा. आणि २५ मार्चच्या रात्री सुमारे २.२ लाख कोटी डॉलरांचे विधेयक सिनेटने ९६ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. उरलेले चारजण का नव्हते? केंटकीचे रँड पॉल यांना स्वतःलाच संसर्ग झाला होता, दोघे त्यांच्या निकट आल्यामुळे अलग राहिले होते आणि एकाची प्रकृती ठीक नव्हती. दूर राहून मत देण्याची मुभा असावी, अशी सूचना रॉब पोर्टमन व डिक डर्बिन या परस्परविरोधी पक्षांच्या दोघा सदस्यांनी मांडली. पण सिनेट तिला बधली नाही. कनिष्ठ सभागृहाने मे महिन्यात सहकाऱ्यामार्फत मत देण्याची सोय केली. सिनेटर मात्र अखेरपर्यंत मुखपट्टी बांधून स्वतः येत राहिले. त्या हट्टात अहंकार होता हे खरे, पण ज्याचे मत त्यानेच येऊन द्यावे, या जुन्या शिस्तीचा मानही होता.

सभागृहाबाहेरचे काम तर क्वचितच कोणाच्या नजरेस पडते. मार्चअखेरच्या एकाच आठवड्यात साठ लाखांहून अधिक लोकांनी बेकारभत्त्यासाठी अर्ज केले आणि राज्यांच्या कचेऱ्या कोलमडल्या. १,२०० डॉलरांचा धनादेश कोणाला आला नव्हता, तर कोणी पेरू देशात अडकून पडला होता. अशा वेळी माणूस सिनेटरच्या कचेरीत दूरध्वनी करतो, आणि तेथील एखादा तरुण कर्मचारी सरकारी खात्यांच्या पाठीमागे लागून त्याची तड लावतो. त्याच वर्षी आमचे कितीतरी गोमंतकीय खलाशी बांधव जहाजांवर अडकून पडले होते. त्यांच्या घरच्यांनी कोणाकोणाचे उंबरठे झिजविले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या कामाचे मोल निराळे सांगावयास नको.

सिनेटर आपल्या मतदारांस पत्रे पाठवितो, हजारो लोकांना एकाच वेळी दूरध्वनीवर घेऊन त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. टपालाच्या तिकिटाऐवजी स्वाक्षरीवर पत्र पाठविण्याची सवलत त्याला आहे. पण निवडणुकीच्या तोंडावर सरकारी खर्चाने घाऊक पत्रे धाडण्यास बंदीही आहे. माहितीपत्र आणि प्रचारपत्र यांच्यातील भिंत किती पातळ असते, हे तिकडच्या कायदे करणाऱ्यांनीच ओळखले आहे, असा याचा अर्थ.

या सर्वांत आम्हांस अधिक अस्वस्थ करणारी हकीकत आहे ती उत्तर कॅरोलायनाच्या रिचर्ड बर यांची. महासाथीच्या पूर्वतयारीसाठी २००६ साली जो कायदा झाला, त्याचे ते एक प्रमुख शिल्पकार. शिवाय सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष. ७ फेब्रुवारी २०२० रोजी सहकारी लामार अलेक्झांडर यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी जनतेला दिलासा दिला की, अशा संकटासाठी देश पूर्वी कधी नव्हता इतका सज्ज आहे. १३ फेब्रुवारीला त्यांच्या कुटुंबाचे ६ लाख २८ हजार ते १७ लाख २० हजार डॉलरांच्या दरम्यानचे समभाग विकले गेले. आणि २७ फेब्रुवारीला आपल्या राज्यातील वर्गणीदार मंडळींच्या एका मेजवानीत त्यांनी सांगितले की, ही साथ १९१८ च्या साथीसारखी आहे. ते भाषण १९ मार्चला ध्वनिमुद्रणासह नभोवाणीवर आले तेव्हा कोठे ते सामान्य मतदाराच्या कानी पडले.

बर यांनी चूक नाकारली. उघड बातम्यांवरूनच आपण समभाग विकले असे त्यांचे म्हणणे होते. मे महिन्यात ते समितीच्या अध्यक्षपदावरून बाजूला झाले. जानेवारी २०२१ मध्ये न्यायखात्याने खटला न भरता चौकशी बंद केली, हेही येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. फौजदारी खटल्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. पण आमचा प्रश्न समभागांचा नाहीच. मेजवानीच्या टेबलावर एक सत्य आणि मतदारांच्या हाती दुसरे, अशी दोन ताटे एका प्रतिनिधीने का वाढावीत? ज्याने महासाथीचा कायदा लिहिला, त्याचे फेब्रुवारीतले एक परखड पत्र किती घरांना सावध करू शकले असते!

यानंतरच्या महिन्यांविषयी फार लिहावे असे नाही. आठवड्याला मिळणारा ६०० डॉलरांचा जादा बेकारभत्ता जुलैअखेर संपला. कनिष्ठ सभागृहाचे साहाय्य-विधेयक १५ मेपासून सिनेटच्या दारात उभे होते. नवे साहाय्य कायद्यात यावयास २७ डिसेंबर उजाडला. मधल्या काळात १८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाची एक जागा रिकामी झाली आणि २६ ऑक्टोबरला ती भरलीदेखील. त्यासाठी सिनेटला वेळ होता. या काळातली मतदारपत्रे चाळणाऱ्यास तत्परतेची उणीव बहुधा भासणार नाही. कॅलेंडर शेजारी ठेवले म्हणजेच ती दिसते.

अमेरिकन मतदाराजवळ मात्र एक हत्यार आहे, आणि त्याचा आम्हांस हेवा वाटतो. पत्र एका हातात धरून दुसऱ्या हाताने तो नावानिशी मतनोंद उघडू शकतो. विकर यांची विसंगती कोणी शोधपत्रकाराने तळघरातून काढली नाही. ती सिनेटच्या जाहीर नोंदीतच होती.

आपल्याकडे काय झाले? २३ मार्च २०२० रोजी उठलेली संसद १४ सप्टेंबरला भरली, तीही प्रश्नोत्तरांच्या तासाविना. हिवाळी अधिवेशन तर झालेच नाही. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, या लेखी प्रश्नावर अशी आकडेवारी ठेवलेली नाही, असे उत्तर मिळाले. समोरासमोर उपप्रश्न विचारण्याचा तास असता तर ते उत्तर इतक्या सहजपणे पचले असते काय? खासदारांचा स्थानिक विकास निधी दोन वर्षांसाठी गोठविला गेला, तेव्हा मतदाराला दाखवावयास रस्ता नाही की समाजमंदिर नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

त्यातून १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा. पक्षादेश निघाला की खासदाराचे मत पक्षाचे होते. आमदारांनी घाऊकपणे पक्ष बदलल्याचे प्रयोग गोव्याने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये पाहिले. पक्षात राहून एखाद्या विधेयकावर वेगळे मत देणे त्याहून कठीण, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक विधेयके आली. विरोधकांनी मतविभागणी मागितली. सदस्य आपापल्या जागी नव्हते, असे कारण पीठासनाकडून देण्यात आले. आणि विधेयके आवाजी मताने संमत झाली. चौदा महिन्यांनी हे कायदे मागे घेण्यात आले, तेही चर्चेविना. त्या दिवशी आपल्या प्रतिनिधीने कोणत्या बाजूने आवाज दिला, असे कोणा शेतकऱ्याने आज विचारले, तर त्याला दाखवावयास सभागृहाच्या कागदोपत्री नावांची यादीच नाही.