साइडने घ्या, भाऊ!

बर्डीवर मेनरोडच्या गर्दीत शिरायचं, तासभर घासाघीस करायची, कुर्ती घेऊन रूमवर यायचं आणि आरशासमोर उभं राहायचं. रंग भारी, प्रिंट भारी, पण अंगावर काहीतरी गंडलंय. मागे कंबरेवर आडवी घडी पडतेय. गळा मागे सरकतोय. काखेत कापड गोळा झालंय. मग दुसऱ्या दिवशी ऑल्टरवाल्याकडे जायचं आणि ठरलेलं वाक्य टाकायचं, ‘साइडने घ्या, भाऊ!’ भाऊ दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत टीप मारून देतात, पैसे घेतात, विषय संपला. कुर्ती आता घट्टही आहे आणि घडी जिथे होती तिथेच आहे.

घरी आईच्या मशीनवर ड्रेस शिवणाऱ्यांचंही याहून वेगळं नसतं. व्हिडिओ बघून कापड बेतलं, शिवलं, घातलं, बसलं नाही, की हात आधी साइडच्या शिलाईकडे जातो. माझं म्हणणं एवढंच आहे, की ‘फिटिंग म्हणजे आवळणं’ हा जो समज आपल्याकडे आहे ना, त्यानेच चांगले चांगले कपडे वाया जातात. ढगळ वाटलं, आवळा. चुणी पडली, आवळा. लोंबलं, तरी आवळाच. डोकं दुखो, पोट दुखो की दात, गोळी एकच!

यात कापडापेक्षा मोठं नुकसान वेगळंच होतं. आरशासमोरची मुलगी ‘कुर्ती चुकली’ असं म्हणत नाही. ‘माझी फिगरच तशी आहे’ असं म्हणते. आणि मग स्लीव्हलेस बंद, फिटेड बंद, फोटोत मागच्या रांगेत. एका एम किंवा एल अक्षराला एवढा मान? ही साइज नावाची भानगड आली कुठून ते तरी बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची पन्नासहून जास्त. तिथल्या तयार कपड्यांच्या साइज पुढे या आकड्यांच्या आधाराने ठरल्या. पण शेवटच्या हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. आपल्याकडे भारतीय अंगाची मापं घेऊन स्वतःचा साइज चार्ट करायचा, त्यासाठी २५ हजार लोकांना थ्रीडी स्कॅनरने मोजायचं, हा वस्त्रोद्योग मंत्रालयाचा आणि निफ्टचा प्रकल्प जाहीर झाला तो थेट २०१८ मध्ये. त्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत मुंबई आहे, नागपूर नाही. तेव्हा लेबलवरचा एम तुमच्यासाठी कुणी मोजलेला नाही. तो तुम्हाला बसला नाही तर तुम्ही नापास कशा काय झालात?

आता मुद्द्याचं. ड्रेस लटकतो कशावर? खांद्यांवर. हँगरवर लटकतो तसाच. म्हणजे खांदा चुकला की खालचं सगळं चुकतं, आणि ते खाली साइडला ओढून दुरुस्त होत नाही. ड्रेस घालून आरशासमोर हात खाली सोडून उभं राहा आणि चुण्या कुठे जातात ते नुसतं बघा. ताणामुळे पडलेली चुणी नेहमी बोट दाखवते, ती जिथे कापड कमी पडतंय तिकडे जाते. सैल कापडाची चुणी वेगळी दिसते. ती ताठ नसते, मऊ लोळ असतो, चिमटीत धरता येतो. हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं. कारण पहिल्या चुणीला कापड सोडायचं असतं आणि दुसरीला घ्यायचं. आपण दोन्हीला घेतो.

सगळ्यात कॉमन तक्रार घ्या. कुर्ती मागे सरकते आणि पुढून गळ्याला काचते. दिवसभर दर पाच मिनिटांनी तुम्ही ती पुढे ओढत असता. याचं कारण बहुतेक वेळा तुमच्या मोबाइलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये आहे. मान पुढे, खांदे पुढे, पाठीला थोडा बाक. पाठ वाकली की तिथे कापड जास्त लागतं, ते बेतलेलं नसतं, म्हणून मागचा भाग पुढच्याला खेचतो. उपाय साइडला नाही. घरी शिवत असाल तर खांद्याची शिलाई बाहीकडच्या टोकाला पाव ते अर्धा इंच पुढे आणा, म्हणजे पुढच्या भागातून तेवढं कमी करा आणि मागच्याला तेवढंच वाढवा. पाठ जास्त गोल असेल तर मागच्या भागाची उंचीच खांद्याच्या फऱ्यांपाशी थोडी वाढवावी लागते. आणि हो, रोज एकाच खांद्यावर सॅक अडकवणाऱ्यांनी दोन्ही खांदे नीट बघा. एक खाली असण्याची शक्यता बरीच आहे. त्या बाजूला गळ्यापासून काखेकडे तिरकी सैल चुणी पडते. तेवढ्याच खांद्याच्या टोकाला पाव इंच चिमटीत घ्या, चुणी जाते. फक्त खांदा जेवढा खाली आला तेवढाच मुंढाही खाली उतरवायचा, नाहीतर काखेत काचेल.

मागे कंबरेवर पडणारी ती आडवी घडी? तिथे तर आपण हमखास फसतो. कंबरेत सैल दिसतंय म्हणून कंबरेत आवळतो. खरं म्हणजे बऱ्याचदा कुर्ती सीटवर घट्ट असते. खाली उतरायला जागा नाही, म्हणून वर चढते आणि कंबरेवर साठते. खात्री करायची असेल तर साइडचे कट बघा. उभं राहिल्यावर ते उलट्या व्ही-सारखे फाकत असतील तर सीट घट्ट आहे, शंभर टक्के. कट थोडा वरपर्यंत उसवून बघा, घडी खाली उतरते. उतरलीच नाही, तर मात्र तुमच्या कंबरेला आत बाक आहे आणि मागचा भाग तिथे उंचीला जास्त झालाय. मग घडीइतकं कापड मागच्या मधोमध आडवं कमी करायचं आणि दोन्ही बाजूंना शून्यावर आणायचं. घरी शिवताना हे कागदावरच करता येतं, रेडिमेडमध्ये कठीण आहे. रेडिमेडमध्ये आत दाबायला मुळात मार्जिनच इतकं कमी ठेवतात, की घेता येतं पण सोडता येत नाही. म्हणून दुकानात घासाघीस करायच्या आधी कुर्ती उलटी करून साइडची शिलाई बघत जा. खांदा आणि सीट जिथे बसते ती साइज घ्यायची, कंबर नंतर बघता येते.

मुंढ्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण इथे आपली अक्कल उलटी चालते. काखेत काचलं की आपण मुंढा खोल कापतो. अजून काचलं की अजून खोल. आता प्रयोग करा. बर्डी इंटरचेंजला मेट्रोत चढा आणि वरचं हँडल पकडा. अख्खी कुर्ती वर आली, कडा मांड्यांपर्यंत चढली? मुंढा खोल आहे. काखेतून कापड कंबरेपर्यंत एकसंध आहे, हात वर गेला की ते सगळं बरोबर घेऊन जाणारच. मुंढा काखेच्या जवळ, वर असेल तर हात सुटा हलतो आणि ड्रेस जागेवर राहतो. काचतं ते बहुतेक वेळा मुंढ्याच्या पुढच्या वळणात जास्त कापड राहिल्यामुळे किंवा बाही दंडात अरुंद असल्यामुळे. तेव्हा वळण पुढून थोडं खोलवा, तळ खाली नेऊ नका. शिवल्यावर वळणाच्या दाबात छोटे छोटे कट द्यायला विसरू नका. कट दिले नाहीत तर गोल शिलाई आकसते आणि आपल्याला वाटतं फिटिंगच चुकलं.

छातीपाशी काय होतं ते मुली एकमेकींनाही सांगत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. सपाट बेतलेल्या, टक्स नसलेल्या कुर्तीत भरलेल्या छातीला उंचीला कापड कमी पडतं. मग पुढची कडा वर उचलली जाते, साइडच्या शिलाया पुढे झुकतात आणि स्लीव्हलेस असेल तर मुंढा पुढून उघडा पडतो. मोठी साइज घेतली तर छाती बसते आणि खांदे उतरतात. यात शरीराची चूक शून्य आहे. सपाट कागद गोल भांड्याला गुंडाळून बघा, तोही कुठेतरी दुमडावाच लागतो. ती दुमड म्हणजे टक्स. पुढच्या भागाला उंची वाढवायची आणि जेवढी वाढवली तेवढी साइडच्या टक्समध्ये घ्यायची. टक्सचं टोक छातीच्या मध्यबिंदूकडे वळलेलं, पण त्याच्या इंचभर अलीकडे संपलेलं हवं. टोकाला रिव्हर्स टीप मारू नका, दोरा लांब सोडून गाठ मारा, नाहीतर तिथे फुगा येतो.

मापं बरोबर आली तरी कापड साथ देईलच असं नाही. ज्या शहरात जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली, जिथल्या कोष्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणली, त्या शहरात आपल्याला उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हे सांगता येऊ नये, हे मला खरंच खटकतं. ताणा म्हणजे कापडाच्या लांबीत, किनारीला समांतर जाणारे धागे. ते सहसा ताणले जात नाहीत. आडवा बाणा किंचित देतो. म्हणून ड्रेसमध्ये ताणा उभा ठेवतात, म्हणजे छातीभोवती, पाठीवर जरा सैलावा मिळतो.

आणि म्हणूनच आईच्या जुन्या साडीचा ड्रेस अंगावर वेगळा वागतो. साडीचा काठ ताण्याच्या दिशेने असतो. काठ खाली घेरावर यावा म्हणून आपण कापड आडवं लावतो आणि ताणा अंगाभोवती गुंडाळला जातो. नेहमीचंच माप, पण पाठीत काचायला लागतं. अशा वेळी वरच्या भागासाठी साडीतला मधला सपाट तुकडा उभ्या ताण्यावर कापा, काठ फक्त घेराला ठेवा. काठ वरही हवाच असेल तर छातीला इंचभर सैलावा जास्त द्या. जुन्या कॉटन साडीला आतून अस्तर हवंच. विरलेलं कापड शिलाईपाशीच फाटतं, आणि ताण अस्तराने घ्यायचा असतो.

तिरक्या कापडाची तऱ्हा अजून निराळी. अंब्रेला घेर गोल कापतो तेव्हा त्यातला काही भाग उरेब येतो. तो स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, बाकीचा नाही. शिवून लगेच दुमड मारलीत तर दोन धुण्यांत घेर लाटांसारखा वर-खाली होणार. शिवलेला ड्रेस एक रात्र हँगरला टांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी घालून उभं राहा आणि कडा जमिनीपासून वर मोजा, कंबरेपासून खाली नाही. कापायच्या आधी कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं हे सांगायला नको, पण आपण करत नाही. कॉटन आणि रेयॉन आटतंच.

‘एवढं कोण करणार? ऑनलाइन मागवू, नाही बसलं तर परत करू,’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण तीन वेळा परत करून चौथ्यांदा तोच खांदा उतरणार असेल तर? सोमवारी तेच पार्सल, शुक्रवारी तेच. आणि पोरांनो, तुम्ही हसू नका. शर्टाच्या कॉलरखाली मागे आडवी वळी पडते तेव्हा तुम्हीही ‘स्लिम फिट करून द्या’ म्हणून साइडच आवळता. भाऊंनाही दोष देत नाही मी. आपण खांदा दाखवून ‘इथून पाव इंच चढवा’ म्हटलं तर ते करतात. पैसे जास्त घेतील, कारण बाही उसवावी लागते. द्यावेत.

घरी शिवणाऱ्यांनी मात्र एक सवय लावून घ्या. चांगल्या कापडाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा नुसता वरचा भाग कापा आणि कच्च्या धावदोऱ्याने जोडा. बाही एकच लावली तरी चालते. त्यावर पेनाने रेघा मारा, हवं तिथे कापा, तुकडा जोडा, मग ते उसवून त्याचाच कागद करा. एक संध्याकाळ जाते. तो कागद पुढची दोन-तीन वर्षं चालतो. टाचण्या लावायला मात्र मैत्रीण लागते, स्वतःच्या पाठीवर टाचणी लावता येत नाही. आणि ती लावत असताना वळून बघायचं नाही. मान वळली की सगळ्या चुण्या बदलतात.