शेवटच्या ग्राहकाचा प्रश्न

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन प्रांतात १९५९ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि पुढच्या दशकात त्या देशाने घरोघर नळ टाकून कोळशाच्या शेगड्या हद्दपार केल्या. कालांतराने उपशामुळे जमीन हादरू लागली. २०१२ मध्ये ३.६ प्रतीचा भूकंप झाला. जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसजोडणी देणे सामान्यतः बंद झाले आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी ग्रोनिंगनमधील उत्पादनही थांबले. आता जुनी घरेही गॅसपासून दूर न्यावयाची आहेत.

हे धोरण योग्यच आहे. प्रश्न आहे तो खर्चाच्या वाटपाचा. चाळीतील निम्मी बिऱ्हाडे उठून गेली तरी जिन्याच्या दुरुस्तीचा खर्च कमी होत नाही. तो उरलेल्यांच्या माथी बसतो. जमिनीखालच्या नळांचेही तसेच आहे. ज्याच्यापाशी भांडवल आहे तो विजेवर चालणारा उष्णता-पंप बसवून आधी बाहेर पडतो. मागे उरतात ते अल्प उत्पन्नाचे गृहस्थ, वृद्ध आणि भाडेकरू. भाडेकरूची अवस्था तर अधिकच बिकट. घर कशाने तापवावे हे ठरविणार घरमालक, बिल मात्र भरावयाचे भाडेकरूने.

तेथील नियामक संस्थेने २०२२ ते २०२६ या काळासाठी नळांतील गुंतवणूक लवकर वसूल करण्याची पद्धत स्वीकारली. ग्राहक पुष्कळ आहेत तोवरच भार वाटून घ्यावा, हे तिचे तत्त्व न्याय्य आहे. परंतु ते पुरेसे नाही. सामूहिक उष्णता-जाळ्याला जोडलेल्या घराला पुरवठादार बदलता येत नाही, आणि त्या उष्णतेचा कमाल दर गॅसच्या दराशी बांधलेला असल्यामुळे २०२२ साली गॅस महागताच गॅस न वापरणाऱ्यांनाही झळ पोहोचली. सरकारने २०२३ मध्ये घरगुती गॅसच्या पहिल्या १२०० घनमीटरांपुरती दरमर्यादा घातली. पण ती वर्षभरच टिकली.

यास्तव संरक्षण आधी, स्थित्यंतर नंतर, असा क्रम हवा. साहाय्य उत्पन्न पाहून आणि काम सुरू होण्यापूर्वी मिळावे. बचतीहून अधिक भाडेवाढ करण्यास घरमालकाला मज्जाव असावा. उष्णतेचा दर प्रत्यक्ष खर्चावर ठरावा. नळ जोडताना सारा देश एकत्र होता. तो तोडताना शेवटच्या घराला एकटे सोडणे हा न्याय नव्हे.