ट्रिपल सीट आणि शिस्त

इंग्लंडात आलेल्या मराठी माणसाला पहिल्या सहा महिन्यांत एक वाक्य हमखास सुचतं: "आपल्या लोकांना शिस्तच नाही." मग तो सुट्टीत गावी गेला की ते जेवताना ऐकवतो आणि काका-मामा माना डोलावतात. त्यांना ते आधीपासूनच पटलेलं असतं. बाकी कुणी काय बोलावं ते मी सांगणार नाही, पण भिंगारच्या माणसानं तरी हे वाक्य बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी भिंगारचा आहे.

ज्यांना भिंगार माहीत नाही त्यांच्यासाठी: नगरला (आता अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही) लागून लष्कराची मोठी छावणी आहे. आर्मर्ड कोअरचं सेंटर, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं सेंटर, शाळेच्या सहली जातात ते टँक म्युझियम. आमची पेठ या छावणीला खेटून. एकीकडं झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे, रस्त्याकडेला रंगवलेले दगड, झाडून काढलेले रस्ते. पाच मिनिटं चाललं की दुसरीकडं उघडं गटार, त्यात नांदणारी डुकरं आणि कोपऱ्यावरचा उकिरडा.

आता गंमत बघा. कॉलेजात असताना आम्ही तिघं एका गाडीवर हिंडायचो. मिलिटरी एरिया जवळ आला की तिसरा मुकाट उतरायचा, हेल्मेट डोक्यावर चढायचं, वेग खाली यायचा. लाल टोपीवाले एमपी दिसोत न दिसोत. हद्द संपली की तिसरा परत मागं टांग टाकून बसायचा. त्या दोन किलोमीटरमध्ये आमच्यावर कोणते संस्कार होत होते? आणि तिकडचे रस्ते झाडणारे काही स्वित्झर्लंडहून येत नव्हते. त्यातले काही आमच्याच गल्लीत राहायचे. सकाळी तिकडं झाडायचे आणि संध्याकाळी आमच्यासारखेच उकिरडा चुकवत घरी यायचे, कारण आमची गल्ली रोज झाडायचा पगार कुणाला मिळतच नव्हता.

इंग्लंडात आलो तेव्हा म्हणूनच मला जे दिसलं ते फार नवीन वाटलं नाही. झेब्रा क्रॉसिंगवर माझ्यासाठी गाडी थांबली, मी ड्रायव्हरला "तू जा" अशी खूण केली, तो जाईना, मीही जाईना. हे नवीन होतं, खरं. बाकी शेजारीपाजारी कचऱ्याचा डबा ठरल्या वारी ठरल्या जागी ठेवतात, कारण त्या वारी गाडी खरंच येते. गाडी चुकीच्या जागी लावली की दंडाची चिठ्ठी काचेवर असते आणि चौदा दिवसांत भरला तर दंड निम्मा. आणि घरटी कौन्सिल टॅक्सचं बिल येतं, त्यात पोलिसांना किती, अग्निशामक दलाला किती, सगळं छापलेलं. ते बिल पहिल्यांदा हातात पडलं तेव्हा मी खुर्चीत बसून वाचलं. ही स्वच्छता विकत घेतलेली आहे, आणि स्वस्त नाही.

गोऱ्यांच्या रक्तातच शिस्त आहे म्हणणाऱ्यांनी 1858 सालचं लंडन आठवावं. त्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी घाण येत होती की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगावे लागले. वास खासदारांच्याच नाकात शिरल्यावर पैसे मंजूर झाले आणि बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरनं गटारं बांधली. हिंदुस्थानातल्या छावण्यांचंही तसंच. 1863च्या रॉयल कमिशनच्या अहवालात गोऱ्या सोजिरांचा मृत्युदर हजारी 69 निघाला, आणि त्यातले बहुतेक लढाईत नव्हे, तर ताप, हगवण, पटकी असल्या रोगांनी मेलेले. त्यानंतर छावण्यांच्या आरोग्याकडं सरकारचं खरं लक्ष गेलं. काळजी होती ती सोजिराची, शेजारच्या बाजाराची त्याला उपद्रव होऊ नये इतपतच.

"मग सगळीकडं मिलिटरीच आणा की" असं कुणीतरी म्हणणारच. नको. आमच्या पेठेत कॅन्टोन्मेंट बोर्डाचं राज्य, आणि कायद्यानं बोर्डाचा अध्यक्ष स्टेशन कमांडर. तो आम्ही निवडून देत नाही. घरावर मजला चढवायचा तर परवानगीसाठी चपला झिजतात. इंग्लंडातलं कौन्सिल मला आवडतं ते यासाठी की तिथं लाल टोपी नाही. कचरा उचलला नाही तर मी फोन करतो, आणि मतही देतो (कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला इथं मत आहे, हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं).

हा विषय आत्ता निघायचं कारण आहे. 2023 साली हिमाचलमधलं योल हे कॅन्टोन्मेंट बंद केलं, आणि बाकी ठिकाणचा मुलकी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचं धोरण केंद्रानं घेतलं. तेव्हापासून भिंगार महानगरपालिकेत जावं की नाही यावर आमच्या घरी वाद चालू असतो. वडिलांना काळजी घरपट्टी किती वाढेल याची. मी फोनवर म्हणालो, वाढू दे, पण आपल्या गल्लीला झाडणारे किती आणि गाडी कोणत्या वारी येणार हे आधी लिहून घ्या. ते म्हणाले, "लिहून कोण देतंय?" आणि फोन आईकडं दिला.